जन्मतारीख नव्हे, निकालाची तारीख धरा

प्रति,
मा. आयुक्त,
महिला व बाल विकास, महाराष्ट्र राज्य, पुणे.

विषय : बालगृहातल्या मुलामुलींना चालू शिक्षण पुरं होईपर्यंत तिथेच राहू देण्याबाबत.

सादर नमस्कार.

मी ठाणे जिल्ह्यातल्या धारावी बेटावर, उत्तनजवळ, ख्रिस्ती धर्मगुरू चालवत असलेल्या एका बालगृहात वाढलो. त्याच आवारातल्या मराठी शाळेतून दहावी झालो, पुढे ठाण्याला आयटीआय केली. आज तुर्भ्याच्या एमआयडीसीत फिटर आहे, राहायला कळव्यात. संस्थेचं नाव मुद्दामच लिहीत नाही. नाव आलं की लोक संस्थेबद्दलच बोलायला लागतात. मला जे सांगायचंय ते राज्यातल्या कुठल्याही बालगृहाला लागू आहे, मग ते फादर चालवोत, एखादा मठ चालवो नाहीतर सरकार.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे कामाच्या गडबडीत पुढचं वाचायचं राहिलं तरी हरकत नाही. मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली, एवढ्याच कारणावरून त्याला बालगृहातून बाहेर काढू नये. दहावी, बारावी, आयटीआय, डिप्लोमा, जे काही चालू असेल ते संपून निकाल हातात येईपर्यंत त्याला त्याच जागी, त्याच ताटावर राहू द्यावं. असा स्पष्ट लेखी आदेश आपल्या कार्यालयातून निघावा.

आता सविस्तर.

धारावी म्हटलं की माणसं शीव-माहीमची धारावी समजतात, म्हणून जागेबद्दल थोडं. उत्तरेला वसईची खाडी, दक्षिणेला मनोरीची, पश्चिमेला समुद्र आणि साष्टी बेटाच्या अंगाला मिठागरं नि तिवरं, एवढ्यात बसलेला हा तुकडा. भाईंदर पश्चिमेहून सुटलेली बस मुर्धा, राई, मोर्वा करत डोंगरीवरून उत्तनला येते आणि पुढे चौकला जाते. चौकला धारावीचा किल्ला आहे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत त्याच्यासाठी रक्त सांडलं, आता उरलेत थोडे दगड. दक्षिणेकडे गोराई आणि मनोरी, तिथून पलीकडे बोरिवलीला आणि मार्व्याला जायला बोट. पक्का रस्ता झाल्यापासून हे बेट आहे असं कोणाला वाटत नाही. पण भाईंदरला कॉलेजला जाणाऱ्या पोराला विचारा. संध्याकाळी बस चुकली की ते बेटच असतं.

गाव ख्रिस्ती कोळ्यांचं आणि शेतकऱ्यांचं. मिस्सा मराठीत, भांडण मराठीत, मासळीचा भाव मराठीत. आमची शाळा बालगृहाच्या आवारात होती, पण ती गावाचीही होती. बाकावर एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला कोळ्यांची पोरं. त्यांच्या डब्यात जवळा नाहीतर सुका बोंबील, आमच्या ताटात दुपारचा डाळभात. अदलाबदल रोजची होती आणि ती मास्तरांना दिसत नसे असं नाही. मासळी टांगायच्या वलांड्यांवर बोंबील वाळायला लागले की वास थेट वर्गात. जबड्यात जबडा अडकवून दोन-दोन बोंबील टांगतात, त्यावरून आमचे गणिताचे मास्तर सम-विषम संख्या शिकवायचे. नाताळात गावातल्या बायका टोपल्या भरून फुगे पाठवायच्या. साहेब, मैद्याचे ते तळलेले गोळे खाल्ले नसतील तर एकदा डिसेंबरात उत्तनला या. तपासणीचं निमित्तही होईल.

आमचा दिवस घंटेवर चाले. पहाटे साडेपाचची घंटा, आंघोळ, प्रार्थना, चहा-पाव, शाळा, फुटबॉल, संध्याकाळची रोझरी, अभ्यास, जेवण, दिवे बंद. हे कोणी कडक शिस्त म्हणून सांगतात, कोणी तुरुंग म्हणून. मला ते दोन्ही पटत नाही. स्टेशनवर दिवस काढलेल्या पोराला उद्या सकाळी काय होणार हे आज रात्री माहीत असणं ही चैन असते. तरीही एक उणीव होती आणि ती साधी नव्हती. अभ्यासाच्या तासाला एक ब्रदर आणि समोर पहिलीपासून वरची सगळी मुलं. तो बिचारा कोणाकोणाला बघणार? गप्प बसवणं एवढंच त्याच्या हातात.

शिकवायची ती मोठी मुलं. माझी बेरीज-वजाबाकी सातवीतल्या एका मुलाने पक्की केली. इंग्रजीचं स्पेलिंग चुकलं की टपली मारून पुन्हा लिहायला लावणारा आमचा एक दादा अकरावीला होता. नववीत गेल्यावर मीही दोन धाकटी पोरं घेऊन बसायचो. ही व्यवस्था कोणी कागदावर ठरवलेली नव्हती. बालगृहाच्या मंजूर पदांमध्ये अधीक्षक असतो, काळजीवाहक असतो, स्वयंपाकी असतो. पण संध्याकाळी पोरांच्या शेजारी बसून भागाकार करून घेणारा माणूस म्हणजे ती मोठी मुलंच. तीच अठरा झाली म्हणून गेली की खालच्यांचा अभ्यासही तिथेच थांबतो. ऐन बारावीतला मुलगा बाहेर पडतो तेव्हा त्या मुलाबरोबर पाचवीतल्या दोघा-तिघांचं वर्षही जातं. हे कुठल्या अहवालात येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

ख्रिस्ती संस्थेत वाढलो म्हटलं की ठाण्यात पहिला प्रश्न येतो, बाटवलं का? मला नाही. बाप्तिस्मा झालेल्या मुलांना धर्मशिक्षणाचा तास असे, त्या वेळी आम्हा बाकीच्यांना नीतिशिक्षण. संध्याकाळची प्रार्थना मात्र सगळ्यांना. त्यामुळे रोझरी मला आजही तोंडपाठ आहे आणि हनुमान चालीसा कळव्याच्या चाळीत येऊन शिकलो. दोन्ही येतात, बिघडलं काही नाही. पण विचारणारे उगाच विचारतात असं मी म्हणणार नाही. साष्टीत अनाथ मुलांचा आणि चर्चचा संबंध पोर्तुगीजांइतका जुना आहे. १५५९ मध्ये पोर्तुगीज राजाच्या नावाने गोव्यात हुकूम निघाला होता. आईबाप आणि आजी-आजोबा नसलेली हिंदू मुलं जेझुइट पंथाच्या पाद्र्यांच्या सेंट पॉल कॉलेजात द्यायची आणि ख्रिस्ती करून वाढवायची. इकडे बोरिवलीला मंडपेश्वरच्या शैव लेण्यांवर फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी मठ उभारला आणि तिथे पोरक्या मुलांचं विद्यालय चालवलं. पुढे इंग्रजी अमदानीत जेझुइटांनी वांद्र्याला १८६३ मध्ये इथल्या मुलांसाठी अनाथाश्रम काढला. आज तो सेंट स्टॅनिस्लॉस हायस्कूल म्हणून नावाजलेला आहे आणि तिथे प्रवेशासाठी पालक रांगा लावतात. म्हणजे यात जबरदस्तीही होती आणि पोटभर जेवण नि अक्षरओळखही होती. दोन्ही खरं. मला एवढंच दिसतं की आम्ही कोणाच्या ताटात जेवलो याची चौकशी करायला पुष्कळ माणसं येऊन गेली. त्या ताटावरून उठल्यावर आम्ही कुठे गेलो हे विचारायला आलेला माणूस मला अजून भेटायचाय.

तर मूळ मुद्दा, अठरा.

सर्वसाधारण घरात अठरावं वर्ष म्हणजे मतदार यादी आणि गाडीचं लायसन्स. बालगृहात ती शेवटची तारीख असते. आणि ही तारीख येते कुठून? महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसं किती आहेत हे कुठल्याही मास्तरांना विचारा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, नाव घालायला आलेल्या बापाला तारीख माहीत नसायची, गुरुजी १ जून टाकून मोकळे. आमच्या डॉर्मिटरीत तर निम्म्या पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये वय ठरवण्याचा क्रम दिला आहे : आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, नाहीतर पालिकेचा-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तर हाडांची किंवा तत्सम वैद्यकीय चाचणी. हाडांच्या चाचणीत एक-दोन वर्षांचा फरक पडू शकतो हे न्यायालयांनीही मान्य केलेलं आहे. माझी जन्मतारीख कल्याण स्टेशनवर सापडल्यावर अशीच ठरली. डॉक्टरांनी अंदाजे वर्ष सांगितलं, दिवस आणि महिना कारकुनाने भरला. त्या अंदाजावर पुढे एका मुलाचं कॉलेज ठरतं.

आता जरा हिशेब करू. १ जूनला जन्मलेलं मूल बरोबर सहाव्या वर्षी पहिलीत गेलं आणि कुठेही अडलं नाही, तर बारावीचा निकाल लागतो आणि पाठोपाठ त्याला अठरा पूर्ण होतात. गणित नेमकं जुळतं. हे गणित आईबापाच्या घरातल्या पोराचं. बालगृहातलं पोर एक वर्ष मागे असेल तर त्याला अठरा होतात बारावीचे वर्ग सुरू होताना. दोन वर्षं मागे असेल तर अकरावीचे प्रवेश चालू असताना. तीन वर्षं मागे असेल तर दहावीच्या तोंडावर. आणि आमच्यात एक-दोन वर्षं मागे नसलेला मुलगा शोधावा लागायचा. कोणी प्लॅटफॉर्मवर दोन वर्षं काढलेली, कोणी वीटभट्टीवर, कोणी तीन संस्था बदललेल्या.

शिक्षण हक्क कायदा आला आणि वयानुरूप वर्गात प्रवेश सुरू झाला, तेव्हा वाटलं हा घोळ मिटेल. दहा वर्षांच्या पोराला पहिलीत बसवायचं नाही, पाचवीत बसवायचं आणि मागचं विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचं, हा विचार चांगलाच आहे. मोठ्या पोराला लहानांत बसवलं की त्याची मान वर होत नाही, मी पाहिलंय. पण विशेष प्रशिक्षण देणारं माणूस बेटावर रोज येत नाही. पोर पाचवीत बसतं, वाचता येत नाही, वरच्या वर्गांत ढकललं जातं आणि नववीत आपटतं. मग १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी. म्हणजे आधी जे वर्ष सुरुवातीला जायचं ते आता शेवटाला जातं. अठराव्या वर्षी हिशेब तोच निघतो.

मी स्वतः दोन वर्षं मागे होतो. दहावीचा निकाल आणि अठरावं वर्ष एकाच हंगामात आलं. तेव्हाच्या फादरनी मला रात्रीच्या राखणदाराचा मदतनीस म्हणून कागदावर दाखवलं, जेवण आणि कोपऱ्यातली खोली दिली, म्हणून माझी आयटीआय झाली. पहाटे उत्तनची पहिली बस, भाईंदरहून घोडबंदर रोडने ठाणे, संध्याकाळी तसंच परत. फादरनी केलं ते नियमात बसत होतं की नाही मला माहीत नाही, बहुधा नसावं. माझ्यासारख्याचं शिक्षण एका भल्या माणसाच्या युक्तीवर अवलंबून राहू नये, म्हणून तर हे पत्र.

माझ्या मागच्या बॅचचा एक मुलगा, गणितात माझ्यापेक्षा केव्हाही सरस, बारावी सायन्सला होता. तोवर फादरांची बदली झाली होती आणि नवे विश्वस्त नियमाला पक्के होते. जूनमध्ये त्याला निरोपाचा समारंभ झाला, घड्याळ आणि पिशवी मिळाली. जूनमध्ये गावातही काम नसतं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, खलाशी म्हणून कोण घेणार? तो ठाण्यापुढच्या दिवा स्टेशनजवळ चौघांच्या खोलीत पाचवा म्हणून शिरला. खोलीचं भाडं एकवेळ निघतं, अनामत कुठून आणायची, आणि भाडेकरूच्या पोलिस पडताळणीत ‘मूळ गाव’ या रकान्यात काय लिहायचं? रात्री एका केटररकडे वाढपी, सकाळी कॉलेज. दिवाळीनंतर प्रॅक्टिकलला जाणं बंद झालं. फेब्रुवारीत हॉलतिकीट आलं ते घ्यायलाही तो गेला नाही. आज तो डिलिव्हरी करतो, बरं चाललंय त्याचं, तक्रार करत नाही. तक्रार मी करतोय.

आपल्याला कायदा माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. तरी नोंद म्हणून लिहितो. आधीच्या २००० सालच्या बाल न्याय कायद्यात आणि १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या २०१५ च्या कायद्यात बालक म्हणजे अठरा वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती. पण कायदा तिथे थांबत नाही. कलम ४६ म्हणतं की अठरा पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला समाजात उभं राहण्यासाठी आर्थिक साहाय्य देता येईल. अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद एकविसाव्या वर्षापर्यंत आहे, अपवादात्मक परिस्थितीत त्यापुढे आणखी दोन वर्षं. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेत अशा तरुणांसाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. म्हणजे पैसा कोणत्या खात्यातून काढायचा हा प्रश्नसुद्धा अर्धा सुटलेला आहे.

अडतं ते जागेवर. अनुरक्षणगृहं मोजकी, आणि ती मुलाच्या कॉलेजजवळ असतीलच असं नाही. बारावीच्या मध्यात कॉलेज बदलणं किती कटकटीचं असतं हे ज्याने बदललंय त्याला विचारा. मग मुलगा अनुरक्षणगृह नाकारतो आणि फाईलवर ‘स्वेच्छेने गेला’ अशी नोंद होते. कॉलेज सोड नाहीतर छप्पर सोड, यातून निवड करायला लावायची आणि तिला स्वेच्छा म्हणायचं, हे काही खरं नाही.

आपल्या कार्यालयातून पहिली हरकत काय येईल ते मला ठाऊक आहे. सज्ञान मुलगा आठ-नऊ वर्षांच्या मुलांबरोबर एका छताखाली कसा ठेवायचा? ही हरकत खोटी नाही. मोठ्या मुलांनी लहानांना दिलेला त्रास मीही पाहिलाय, आणि बालगृहात वाढलेला कोणीही ‘आमच्याकडे असलं काही नव्हतं’ असं छातीठोकपणे म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण सतरा वर्षं अकरा महिन्यांचा मुलगा काल रात्री त्याच डॉर्मिटरीत झोपला होता. धोका वाढदिवसाच्या पहाटे सुरू होत नाही. झोपायची खोली वेगळी करा, दाराबाहेर काळजीवाहक ठेवा, बालकल्याण समितीने त्या मुलाशी आणि लहान मुलांशी दर तीन महिन्यांनी वेगवेगळं बोलावं. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला ही सवलत देऊ नका. मुलींच्या संस्थांत हा प्रश्न आणखी नाजूक होतो. तिथे अठरा झालं की स्थळ बघून लग्न लावणं यालाच पुनर्वसन समजलं जातं, आणि समारंभाला पाहुणे येतात, फोटो छापले जातात. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला मांडवात उभं करण्यापेक्षा तिला तिच्या खोलीत राहू देणं अवघड नसावं.

दुसरी हरकत मंजूर संख्येची. एक मोठा राहिला तर एका लहानाची जागा अडते. यावर माझं उत्तर असं की बालगृहातल्या सगळ्याच मुलांना बालगृहाची गरज नसते. आमच्यातल्या बऱ्याच जणांना कोणी ना कोणी होतं. आई होती पण धुणीभांडी करून खोलीचं भाडं भागत नव्हतं, आजी होती पण डोळे गेलेले. कायदासुद्धा संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानतो. मूल घरीच वाढावं म्हणून असलेल्या राज्याच्या बालसंगोपन योजनेत आता महिन्याला २,२५० रुपये मिळतात. ते वेळेवर, दर महिन्याला मिळाले तर काही मुलं आपल्या आईकडेच राहतील आणि जागा आपोआप होईल. ‘वेळेवर’ या शब्दावर जोर आहे असं समजावं.

या ‘कोणी ना कोणी आहे’ मुळेच आणखी एक घोटाळा होतो. २०१८ मध्ये राज्याने अनाथांसाठी शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आणलं. फार मोठी गोष्ट झाली आणि आमच्यातले काही त्याच्या जोरावर नोकरीला लागतीलही. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. आमच्या भागाला ते कोकण विभागाच्या नवी मुंबईतल्या कार्यालयातून मिळतं. पण आई जिवंत असून तिने दुसरं घर केलंय, बाप आहे पण तो कुठे आहे हे पोलिसांनाही माहीत नाही, अशांना ते मिळणं कठीण. बालगृहात हीच मुलं जास्त. त्यांना आरक्षण नाही, घर नाही, आणि अठराव्या वर्षी बालगृहही नाही. त्यांच्यासाठी निदान बारावी पुरी होऊ देणं एवढं तरी आपल्या हातात आहे.

कागदांचं काम जितकं रटाळ तितकं महत्त्वाचं, म्हणून थोडक्यात. आधार, बँक खातं, अधिवास, जातीचा पत्ता लागत असेल तर जातीचा दाखला, पात्र असेल तर अनाथ प्रमाणपत्र, हे सगळं मुलगा नववीत असतानाच पुरं व्हावं. बाहेर पडल्यावर हे होत नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मी बसलो तेव्हा उत्पन्नाचा दाखला मागितला. कोणाच्या उत्पन्नाचा? खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला, वडिलांच्या. वडील नाहीत म्हटलं तर म्हणाला, मग त्यांचा मृत्यूचा दाखला आण. माणूस वाईट नव्हता, त्याच्या संगणकावर तिसरा पर्याय नव्हता.

ठाणे आणि नवी मुंबईच्या सोसायट्यांमधून, कंपन्यांमधून रविवारी बालगृहात येणाऱ्या मंडळींनी हे पत्र वाचलं तर त्यांच्याशीही दोन शब्द. तुमचा केक आम्ही आनंदाने खाल्ला, खोटं कशाला बोलू? पण दहावी-बारावीच्या पोरांना त्या रविवारी पाहुण्यांसमोर नाच बसवावा लागतो आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या पाहुण्यांसमोर. तुमच्यापैकी कोणी घणसोली-ऐरोलीत इंजिनिअर आहे, कोणी चार्टर्ड अकाउंटंट. संध्याकाळी तासभर व्हिडिओ कॉलवर एका मुलाला भौतिकशास्त्र शिकवा, आठवड्यातून दोनदा, वर्षभर न चुकता. नाहीतर बाहेर पडणाऱ्या दोघा-तिघांच्या खोलीची अनामत भरा. ती परत मिळते, पुढच्या बॅचला वापरता येते.

साहेब, यासाठी नवा कायदा लागत नाही, समिती नेमावी लागत नाही. कायद्याने प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा करायचाच असतो. त्यात ‘संस्थेतून मुक्त होण्याचा दिनांक’ भरताना जन्मतारखेत अठरा मिळवायचे नाहीत, चालू अभ्यासक्रमाचा निकाल आणि त्यापुढे तीन महिने धरायचे, एवढी सूचना द्या. तीन महिने अशासाठी की निकाल लागल्यावर पुढचा प्रवेश नाहीतर नोकरी आणि राहायची जागा बघायला तेवढे लागतातच. मधल्या काळातला मुलाचा खर्च अनुरक्षणाच्या तरतुदीतून संस्थेला मिळावा, म्हणजे विश्वस्तांनाही तो जड होणार नाही.

आणि हे मार्चच्या आत व्हावं. येत्या १ जूनला ज्यांना अठरा पूर्ण होतात त्यांची यादी प्रत्येक अधीक्षकाच्या टेबलावर आताच तयार आहे. ठाणे जिल्ह्याची यादी आधी मागवा आणि प्रत्येक नावापुढे तो मुलगा कितवीत आहे हा रकाना वाढवून घ्या.

आपला विश्वासू,
उत्तनच्या बालगृहाचा एक माजी विद्यार्थी
कळवा, ठाणे